डांबराच्या बाहेर

जनार्दन म्हात्रे, आम्हा सगळ्यांचे दादा, रेसचा ट्रॅक अनवाणी चालून बघत, आणि तोसुद्धा पनवेलजवळच्या विचुंब्यात स्वतःच्या घरामागच्या शेडमध्ये. पूर्वी तिथे भात साठवत. शेती गेली, आजूबाजूला चौदा-चौदा मजले उभे राहिले आणि शेडमध्ये दुरुस्तीला मोटारसायकली आल्या. ट्रॅकवर जाऊन आलेला कुणी रायडर भेटला की दादा त्याला खडू देत आणि म्हणत, "काढ." तो जमिनीवर ट्रॅक काढायचा. मग दादा चपला बाहेर ठेवून त्या रेषेवरून चालू लागत. वळण आलं की खांदा आत झुके, नजर पुढच्या वळणाकडे जाई. साठी ओलांडलेला माणूस, अर्धी चड्डी, बनियन, आणि चेहरा असा की पूजेला बसलाय.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते असेच चालत होते. ब्रेकचा आवाज येतो म्हणून गाडी दाखवायला गेलो होतो. मी खडूच्या रेषेवर पाय ठेवला.

"ओ सायेब! ट्रॅकच्या मधी उभं ऱ्हाताव? मागून गाडी आली तं?"

मी घाबरून बाजूला झालो. ते हसले नाहीत. चक्कर पूर्ण केली आणि मगच ब्रेककडे वळले.

मी जासईला कंटेनरच्या एका कंपनीत काम करतो. बायको आणि मुलगी मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला असतात. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. रविवारी बोलायला वॉचमनशिवाय कुणी नसायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी मोठी मोटारसायकल घेतली, ती वेगाच्या आवडीने घेतली असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे रविवार संपत नव्हता. दादांचंही तसंच होतं. बायको जाऊन वर्षं झाली होती, मुलगी सुनीता नाशिकला दिलेली. त्यामुळे ब्रेक एका तासात नीट झाला तरी मी दुपारपर्यंत बसून राहिलो, आणि पुढच्या रविवारी काही बिघडलेलं नसताना गेलो.

पनवेल-खारघरची बरीच पोरं त्यांच्याकडे यायची. पहिल्यांदा ट्रॅकवर गाडी चालवायची असली की कुठला ट्रॅक निवडायचा, हे विचारायला. दादा उत्तर आधी कधीच देत नसत. उलट तेच विचारत. नवख्यांची तुकडी वेगळी सोडतात की सगळ्यांना एकत्र? एका वेळी आत गाड्या किती? ॲम्ब्युलन्स उभी असते की बोलवावी लागते? आणि सगळ्यात आधी त्यांचं ठरलेलं वाक्य: "ट्रॅक बगताना डांबर नको बगू. डांबराच्या भाएर काय हाय, ता बग. पडनार तं तू हावच. पडल्यावर काय लागल, येवराच आपल्या हातात हाय."

बाहेर मोकळी माती असेल, वाळू असेल, तर तो ट्रॅक चांगला. लगेच भिंत असेल तर तो, त्यांच्या भाषेत, "शिकलेल्यांचा".

मला देशातला सगळ्यात मोठा ट्रॅक हवा होता. त्याच्या लांबच लांब सरळ पट्ट्याचे व्हिडिओ मी रोज जेवताना बघायचो. दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी खडू उचलला, प्रत्येक ट्रॅक ज्या मापाने काढत त्याच मापाने तो काढायला लागले. सरळ पट्टा शेडमध्ये मावेना. ते दारातून अंगणात गेले, तुळशीला वळसा घातला आणि कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जाऊन थांबले.

"बगा सायेब. परत यायाला रिक्षा लागल."

"पण दादा, मजा तर तिथेच आहे."

"सरल रस्त्यावर कोनीबी शूर. सरल रस्ता फुगवतो मानसाला. वलनावर गेला की मंग आई आठवते." मग खुराड्याकडून परत येताना म्हणाले, "माझा बाप उरणकडं मिठागरात होता. नवा गडी आला की त्याला लहान वाफ्यात उतरवाचे. मोठ्या वाफ्यात उतरला तं मीठ पाय खातो, आनी गडी दुसऱ्या दिवशी येतच नाय."

असं करून त्यांनी माझ्यासाठी दक्षिणेतला एक लहान ट्रॅक निवडला. आखूड पट्टे, जवळजवळची वळणं, बाहेर भरपूर माती. तो शेडमध्ये नीट मावला. तीन रविवार मी त्यावर त्यांच्या मागे चाललो. दोन मोठी माणसं अनवाणी, एकामागे एक, खांदे झुकवत. शेजारच्या इमारतीतल्या बायका गॅलरीतून बघायच्या. एकीने विचारलंच, "म्हात्रेकाका, काय व्रत आहे का हो?"

"हाव," दादा म्हणाले. "न पडन्याचा."

तिसऱ्या रविवारी मी सहज विचारलं, "दादा, तुम्ही किती वेळा गेलात ट्रॅकवर?"

"एकदाई नाय."

मला वाटलं चेष्टा करतात. ते स्पार्क प्लग पुसत होते.

"एकट्यानं जायाचा नाय ट्रॅकवर," ते म्हणाले. "पडला तं घरी फोन कोन करल? गाडी परत कोन आनल? पोरा येतात, विचारतात, जातात. मना कोन चल म्हनत नाय, आनी मी कोनाला ने म्हनत नाय."

मी म्हणालो, "माझ्याबरोबर चला. मी नाव घालतो तुमचं."

ते बराच वेळ प्लगच पुसत राहिले. मग म्हणाले, "बगा हां, सायेब."

पुढच्या रविवारी गेलो तर त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल शेडच्या मधोमध उभी. आरसे काढलेले. पुढच्या दिव्यावर पांढऱ्या चिकटपट्ट्या फुलीसारख्या मारलेल्या, कारण पडल्यावर काच फुटली तर तुकडे ट्रॅकवर पसरू नयेत. जायला महिना बाकी होता. मी हसून म्हणालो, "एवढ्या लवकर?" ते लाजले. त्यांना लाजताना मी एवढं एकदाच पाहिलं.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचे वरिष्ठ, दिघे साहेब, यांनीही नुकतीच गाडी घेतली होती. ऑफिसात विषय निघाला. "अरे, मलाही ने ना," ते म्हणाले. मी चौकशी केली. नवख्यांच्या तुकडीत जागा संपल्या होत्या. माझ्या नावावर दोन होत्या, एक माझी आणि एक दादांची. साहेबांना नाही म्हणता आलं असतं. ते रागावणारे गृहस्थ नव्हते, विसरूनही गेले असते. पण मी डोळ्यांपुढे हॉटेलातलं जेवण आणलं. एका बाजूला साहेब, ऑफिसची आणखी दोघं, त्यांचं इंग्रजी, आणि दुसऱ्या बाजूला दादा, मोठ्याने "मना भात वाढ रं" म्हणणारे. मला लाज वाटली. साहेबांची भीती वाटली असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ती भीती नव्हती, लाज होती.

मी जागा साहेबांना दिली आणि दादांना सांगितलं, "ट्रॅकवाल्यांचा नियम आहे म्हणे. साठीच्या वरच्यांना घेत नाहीत."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "असल. नियम हाय तं हाय. नियम पडनाऱ्याच्या भल्यासाठीच असतो."

गाड्या टेम्पोतून जायच्या होत्या. टेम्पो जासईहून निघणार, तर बांधायला दादा स्वतः तिथवर आले. मी नको म्हटलं होतं. "दुसरा कोन बांधनार? बेल्टखाली फडका घालाची अक्कल नसते कोनाला." त्यांनी माझी गाडी बांधली. शेजारच्या जागेत दुसरी चढवली गेली.

"ही कोनाची?"

"आमच्या साहेबांची."

"ते कितीचे?"

"बावन्न."

"मंग चालतंय," म्हणाले, आणि तीही तितक्याच निगुतीने बांधली. हँडलला फडका, टाकीला फडका. शेवटी गाठ ओढून बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डांबराच्या भाएर बगा."

ट्रॅकवर एक फॉर्म भरावा लागतो. अपघात झाला तर कुणाला कळवायचं, असा त्यात रकाना असतो. बायकोला मी ट्रॅकचं सांगितलंच नव्हतं. पेन हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो आणि दादांचं नाव व नंबर लिहिला. ज्याला खोटं सांगून मागे ठेवलं, त्याचाच. दुसरं नावच नव्हतं माझ्याकडे.

दुपारच्या फेरीत मी पडलो. डावं वळण होतं. शेडमध्ये जिथे मला दादा नेहमी म्हणत "नजर पुढं, नजर पुढं", तेच. मी नजर खाली नेली. गाडी निसटली आणि मी घसरत डांबराच्या बाहेर गेलो. माती. लाल, भुसभुशीत, भरपूर माती. खांदा निखळला, थोडा वेळ भान नव्हतं, बाकी काही नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा ट्रॅकच्या ऑफिसमधला माणूस खाटेशेजारी उभा होता. मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुमच्या दादांना फोन केला मी. त्यांनी विचारलं, बोलतात का. मग विचारलं, कशावर आपटले. माती म्हटल्यावर बरं वाटलं त्यांना."

मी मान हलवली.

"आणि विचारत होते, साठीच्या वरच्यांना तुम्ही का घेत नाही. मी म्हटलं, कोण सांगतं? आज सकाळीच अडुसष्ट वर्षांचे एक काका चालवून गेले. त्यांनाही घेऊन या म्हटलं. ते 'अच्छा' म्हणाले आणि फोन ठेवला."

खांदा बसवताना मी ओरडलो नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमची सहनशक्ती चांगली आहे.

परत आलो तेव्हा गाडी उतरवायला दादा हजर. माझा हात गळ्यात बांधलेला. त्यांनी वाकडं झालेलं हँडल बघितलं, बोटाने पायदानातली लाल माती काढली, चिमटीत चोळली.

"खाली काय लागला?"

"माती."

"मंग ट्रॅक बरोबर निवडला," म्हणाले. "चला, चाय घेऊ."

मी चहा पिताना वाट बघत होतो. आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी हँडलचा विषय काढला, कोंबड्यांचा काढला, सुनीताच्या सासूच्या गुडघ्यांचा काढला. त्यांना कळलंय हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. एक शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो. तेवढं सुख त्यांनी मला दिलं नाही, किंवा कदाचित त्यांच्या लेखी देण्यासारखं काही नव्हतंच.

कुणीही म्हणेल, पुढच्या वेळी न्यायचं होतंस. तारखा दर दोन-तीन महिन्यांनी निघत होत्या. पण नाव घालायचं म्हणजे "तो नियम नव्हता" हे तोंडाने म्हणायला हवं होतं. जे दोघांनाही ठाऊक होतं ते एकदा म्हणायला मला जमलं नाही. दर रविवारी जायचो, दर रविवारी ती टू-स्ट्रोक शेडमध्ये उभी असायची. त्यांनी आरसे परत लावले. दिव्यावरची फुली मात्र काढली नाही. मीही कधी विचारलं नाही. नवी पोरं यायची, दादा खडू द्यायचे, चालायचे, "भाएर काय हाय ता बग" म्हणायचे. आणि शेवटी, "सोबत कोन येतंय?" हा प्रश्न विचारताना मी तिथे असलो तर त्यांचा आवाज जरा खाली यायचा. माझ्या लाजेला आणखी लाज नको म्हणून. असा माणूस होता.

गेल्या थंडीत ते गेले. दुपारी जेवून शेडमध्ये टेकले, ते उठले नाहीत. चार दिवसांनी मी सुनीताला सामान आवरायला मदत करत होतो. टू-स्ट्रोकसमोर ती थांबली.

"काका, या दिव्याला पट्ट्या कशाला लावल्यात?"

"काच फुटली तर ट्रॅकवर तुकडे पसरू नयेत म्हणून."

"बाबा ट्रॅकवर जायचे?" तिचा चेहरा उजळला. "मला कधी बोलले नाहीत!"

मी म्हणालो, "नाही. गेले नाहीत."

"मग?"

मी खोकी उचलून बाहेर नेली. तिला उत्तर दिलं नाही. ते उत्तर म्हणजे हे लिखाण. छापून आलं की तिला पाठवणार आहे.

मागच्या महिन्यात मी त्याच लहान ट्रॅकवर पुन्हा गेलो. या वेळी एकटा, आणि बायकोला याही वेळी न सांगता. गाडी मीच बांधली होती, बेल्टखाली फडके घालून. सकाळी फॉर्म हातात आला. नाव लिहिलं, वय लिहिलं, रक्तगट लिहिला. मग तो रकाना आला. बोटं सवयीने दादांचा नंबर लिहायला लागली, पाच आकडे लिहूनही झाले. मागे रांग होती. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सर, कुणाचंही चालेल. कुणाचंही लिहा."

मी फॉर्म परत केला. कुंपणाबाहेर उभा राहून नवख्यांची पहिली फेरी बघितली. डाव्या वळणाच्या बाहेरची माती रात्री पाणी मारून, दाताळं फिरवून सारखी केलेली होती. तिच्यावर अजून कुणी पडलं नव्हतं. मग गाडी पुन्हा टेम्पोत चढवली.