मासा तवा सोडतो तेव्हा

तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं? आठवावं लागत असेल, तर ते तुम्ही नाही, एवढं नक्की.

चौथ्या मजल्यावरच्या या घरात शेवटी जेवते ती थोरली सून. सगळी इमारत तिला वहिनी म्हणते. दिवसभर ती लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी असते. दोन्ही मनगटं भाजलेली. आज संध्याकाळी लाँड्रीतल्या बायकांची बैठक होती. हातमोजे मागायला मालकासमोर कोण बोलणार, ते ठरायचं होतं. बोलणार कोण? वहिनीच. बाकीच्यांची मुकादम दिसला तरी दातखीळ बसते.

म्हणून तिने झटपट होणारा बेत केला. गाजर, घेवडा, सिमला मिरची सकाळीच चिरून ठेवलेली. माशाचे तुकडे फडक्याने कोरडे टिपले, मीठ-मिरी लावली, तवा तापवला. पण या घरात एक नियम आहे. मासा तव्यावरून थेट ताटात. "गार मासा आजाऱ्याला," सासरे म्हणतात. म्हणजे जो जसा येईल तसा त्याचा तुकडा टाकायचा आणि करणारीने ओट्याशी खुंट्याला बांधल्यासारखं उभं राहायचं. नियम करणाऱ्याने ओटा कधी पाहिलाय, विचारा.

सासू-सासरे जेवले. नवरा जेवला. धाकट्या दिराचा पत्ता नाही. तेवढ्यात खालून चष्मेवालीची हाक आली. दोघी लाँड्रीत एकाच टेबलावर.

"वहिनी, येतेस ना गं? सुरू करतायत!"

"आले!" वहिनीने पदराला हात पुसले. "अहो, भावोजींचा तुकडा तेवढा तुम्ही टाका."

"मला कुठे येतं?"

"कातडी खाली ठेवायची आणि हात लावायचा नाही. शिजला की तो आपणहून तवा सोडतो. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग धरता ना? हा तर मासा आहे."

नवरा घड्याळं दुरुस्त करतो. चिमट्यात चाक धरून अर्धा तास श्वास रोखणारा माणूस. दीर आला, हात धुवून बसला. नवऱ्याने तुकडा टाकला आणि लगेच उलथनं खुपसलं. कातडी तव्याला, मासा हातात. पुन्हा खुपसलं. चिंध्या झाल्या.

"घ्या! पुरुषाच्या हाती उलथनं," सासू म्हणाली. "सूनबाई, हे काय खायचं पोराने?"

"अगं, जरा बघतेस?" नवरा ओरडला.

वहिनी दारात होती. एक चप्पल पायात, एक हातात. ती थांबली. हातातली चप्पल तिने खाली ठेवली, पायातली काढली.

तवा खरवडून दुसरा तुकडा टाकला. तो सुटायची वाट पाहिली. खाली चष्मेवालीने आणखी एकदा हाक मारली. मग नाही मारली.

"वा वहिनी, कुरकुरीत झालाय!" दीर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत कळलं. कोणीच हात वर करेना, तेव्हा मुकादमाच्या भाचीने केला. मग त्याच दिवशी ती मालकाशी बोलली, छान बोलली. हातमोज्यांचं नावही निघालं नाही. वहिनी मनगटांना फडकं गुंडाळून इस्त्रीवर उभी राहिली.

तेव्हा एवढं करा. आज मासा तुम्ही टाका आणि हात आवरा. फाटलाच, तर फाटका खा. पण ती चपला घालून निघाली असेल, तर तिला मागून हाक मारू नका.