मुक्ताबाईंनी तोंड फिरवलं

मुक्ताबाईंचा राग बघायला तिकीट लावलं असतं, तर आमच्या दवाखान्यावर नवे पत्रे आले असते. अकोले तालुक्यातल्या त्या दहा खाटांच्या दवाखान्यात त्या एकट्याच डॉक्टरीण. जीप उशिरा आली की जीपवर रागवायच्या, स्टोव्ह पेटला नाही की पिनेवर. पुण्याहून शिकाऊ डॉक्टर आला की जीपला आणि पिनेला सुट्टी.

बहात्तर साली गोरक्षनाथ आला. राहात्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं दांडगा. पण इंजेक्शन टोचायच्या आधी बाईंच्या तोंडाकडे बघायचा आणि टोचल्यावरही बघायचा. मधे रोगी असतो, हे त्याच्या ध्यानातच नसे. त्याला कशाला हसा? आम्ही सगळेच आभाळ बघावं तसं बाईंचं तोंड बघून कामाला लागायचो.

एका दुपारी राजूरकडची बनुबाई बाळंत झाली. मुलगा निळसर, ओल्या फडक्यासारखा गळालेला. रडेना, श्वास घेईना. त्याच वेळी बनुबाईला रक्त जायला लागलं. बाईंचे दोन्ही हात तिची गर्भपिशवी दाबून धरण्यात अडकले. काढले असते तर आई हातची जात होती. म्हणजे मूल गोरक्षनाथाच्या हाती.

त्यानं मुलाला पुसलं, नाकतोंड साफ केलं, इवल्याशा तोंडावर रबरी मास्क ठेवला आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबला. इथवर शाबास. मग त्यानं मान वर करून बाईंकडे बघितलं. हात सैल पडला, मास्क उचकटला आणि हवा छातीत जायची ती कडेनं फुस्स झाली.

“माझ्या तोंडावर काय लिहिलंय? पोराकडे बघ.”

त्यानं बघितलं, फुगा दाबला, आणि आता बरोबर दाबला ना, हे विचारायला पुन्हा मान वर. पुन्हा फुस्स. बाईंनी त्याची अक्कल काढली, कॉलेज काढलं, शेवटी त्याला ‘अहो डॉक्टरसाहेब’ म्हणाल्या. त्यांच्या तोंडी ही सर्वांत मोठी शिवी. प्रत्येक शिवीसरशी त्या बिचाऱ्याची मान वर, आणि मूल निळंच.

बाईंच्या कपाळाची शीर तटतटली. हा प्राणी बघायचा थांबत नाही म्हटल्यावर त्यांनी हात जागचे न हलवता तोंड भिंतीकडे फिरवलं.

“आता इकडे बघण्यासारखं काही नाही. छाती वर येतेय का, सांग.”

“न्हाई, मॅडम.”

“हनुवटी जरा वर घे. मास्क घट्ट धर.”

बाई चुन्याच्या भिंतीकडे अशा बघत होत्या की पोपडे पडावेत. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होत्या असं म्हणायला कुणी धजणार नाही.

“वर येतेय,” गोरक्षनाथ म्हणाला. त्याची मान खालीच होती.

“मग दाबत राहा. मला कशाला सांगतोस?”

तो दाबत राहिला. निळ्याचं जांभळं झालं, जांभळ्याचं लाल. आधी मांजराच्या पिलासारखं काहीतरी कुईकुई झालं, मग मुलानं घसा मोकळा केला. एव्हाना बनुबाईचं रक्तही आटोक्यात आलं होतं. इतका वेळ सगळं ऐकत पडलेली ती हळूच म्हणाली, “बाई, रडलं की हो माझं. आता तरी इकडं बघा.”

“नाही बघणार,” बाई भिंतीलाच म्हणाल्या. “मी बघितलं की हा त्याला उघडं टाकून माझ्याकडे बघेल. आधी त्याला गुंडाळून तुझ्या कुशीत देऊ दे.”