पाखऱ्या डावा, हरण्या उजवा

लोह्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की एक वाडी लागते. तिथे एसटी येत नाही, पिराजींची जीप येते. वाडीतल्या अकरावी-बारावीच्या मुली तिच्यातूनच लोह्याच्या कॉलेजात जातात. यंदा दिवाळीच्या सुट्टीत जीपचं पासिंग संपलं. नांदेडला तपासणीला नेली, तर आरटीओच्या साहेबांनी परत पाठवली. ब्रेक दाबला की मागचा उजवा दिवा लाल व्हायच्या ऐवजी नुसता मिणमिणायचा आणि त्याच बाजूचा पिवळा इंडिकेटर उगाच उजळायचा. साहेबांनी शुक्रवारी पुन्हा बोलावलं. कॉलेज सोमवारी उघडणार होतं. शुक्रवार हुकला तर मुली घरीच. शिवकन्या बारावीला आहे. गाडी नसेल तर पोरीनं रस्त्यावर वाट बघत उभं राहायचं नाही, असं तिच्या आजोबांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

वायरिंगचं काम तर नुकतंच झालेलं. सोयाबीनची पोती जीपशेजारी रचली होती, त्यांच्या मागे उंदीर आले आणि त्यांनी तारा कुरतडल्या. लोह्याच्या वीरेशनं मागपर्यंत नव्या तारा ओढून दिल्या. त्यामुळे साहेबांनी गाडी परत पाठवल्यावर पिराजींनी पारावर बसून वीरेशचा उद्धार सुरू केला. वीरेश मेव्हण्याच्या लग्नाला उदगीरला गेलेला. गुरुवारी सकाळी त्यानं फोन उचलला तेव्हा मागे बँड वाजत होता.

"काका, मी हळदीत बसलोय. तुमीच बघा, मी सांगतो. पण मागं कुणाला तरी उभं करा. आत बसून सोताचा मागचा दिवा दिसत न्हाई."

उभं राहायला अयोध्याबाई होत्या. पिराजींच्या पत्नी, पन्नाशी ओलांडलेल्या. गाडी चालवणं त्यांना येत नाही, शिकायची हौसही नाही. त्यांचा आवाज मात्र दोन शेतं ओलांडून जातो. कुणाचं वासरू चुकलं की लोक त्यांनाच बांधावर उभं करतात. घरी बैल होते तोवर पेरणीत तिफणीमागे बी सोडत त्या चालायच्या. शेजारणी म्हणतात, अयोध्याच्या ओळीत खाडा नसतो. अयोध्याबाई म्हणतात, बैल सरळ चालायचे, त्यात माझं काय?

वीरेशनं आधी पुढचे दिवे बघायला सांगितले. अयोध्याबाई जीपच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. पिराजींनी डावा इंडिकेटर लावला.

"उजवा लागला," अयोध्याबाईंनी सांगितलं.

"बघ, म्हणलं न्हवतं? त्या वीरेशनं उलट्या जोडल्या." पिराजी खाली उतरले आणि पुढच्या दोन तारांची अदलाबदल करून पुन्हा आत बसले. "आता?"

"आता डावा."

मग अयोध्याबाई मागे गेल्या. मागेही डावाच लागला. दोघं खूश झाले. तेवढ्यात फोनवरून वीरेशनं विचारलं, "पुढचा आन् मागचा एकाच बाजूचे लागतात का?" अयोध्याबाई जीपच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"पुढचा तिकडचा लागतोय, मागचा इकडचा. आवं, गाडी नेमकी कुठं वळणार हाय?"

तेव्हा कुठे लक्षात आलं. समोर तोंड करून उभं राहिलं की डावं-उजवं उलटतं. पुढच्या तारा बरोबरच होत्या, आता चुकल्या होत्या. पिराजींनी त्या परत होत्या तशा जोडल्या आणि फर्मान काढलं, "डावं-उजवं बंद. ह्यो विहिरीकडचा, त्यो गोठ्याकडचा."

हे छान चाललं. फक्त ऊन चढल्यावर पिराजींनी जीप उलट्या तोंडाला फिरवून लिंबाच्या सावलीत उभी केली. त्यानंतर वीरेश म्हणाला, "आता उजवा मागचा दिवा खोला." सकाळपासून उजवा म्हणजे विहिरीकडचा होता, म्हणून पिराजींनी विहिरीकडचा खोलला. तो चांगला निघाला. तो परत बसवून त्यांनी ब्रेक दाबला, तर मिणमिण तशीच.

"न्हाई जमत," ते पायरीवर बसले. "ह्या वर्षी पोरींनी बैलगाडीतच जावं."

अयोध्याबाई हसल्या. "बैलगाडीत असं झालं न्हवतं कधी. पाखऱ्या डाव्या अंगाला, हरण्या उजव्या. गाडी नांदेडाकडं तोंड करू दे न्हाईतर मुदखेडाकडं, पाखऱ्या पाखऱ्याच्याच जागी."

पिराजींनी त्यांच्याकडे बघितलं. पाखऱ्या आणि हरण्या ही त्यांची शेवटची बैलजोडी. दोन्ही बैल म्हातारे होऊन गोठ्यातच गेले, त्यानंतर जीप आली. जुवाला प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते, जन्मभर बदलत नाही. अदलाबदल केली तर बैल पाऊल टाकत नाही.

"पर तू समोरून बघितलंस की पुन्हा उलटं व्हईल."

"समोरून कडबा कोण टाकत व्हतं त्यांना? तुमी? एक दिस तरी पाखऱ्याची पेंडी हरण्याला गेली का?"

मग डावा दिवा पाखऱ्या झाला, उजवा हरण्या. अयोध्याबाई मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"दाबा. पाखऱ्या लाल झाला, चांगला हाय. हरण्या मरगळलाय. आन् ह्याचा पिवळाबी लागून राहिलाय."

फोनवर बँड थांबला होता. "काका, ह्यो हरण्या कोण?" वीरेशनं विचारलं. पिराजींनी समजावून सांगितलं. पलीकडे हळदीतली दोन-चार माणसं हसल्याचं ऐकू आलं.

"मग हरण्याचं अर्थिंग बसंना," वीरेश म्हणाला. "दिव्यात आलेल्या करंटला परतीची वाट लागती. तिथं अडला की तो शेजारच्या बल्बातून वाट काढतो, म्हणून पिवळा लागतो. दिवा जिथं बोल्टानं पत्र्याला आवळलाय, तिथं काय हाय बघा."

पिराजींनी बोल्ट काढला आणि खालच्या पत्र्यावर नख घासलं.

"काय हाय, काका?"

"कलर."

पासिंगला न्यायची म्हणून त्यांनी स्वतः जीपच्या मागच्या अंगाला रंग दिला होता. उजव्या बाजूला खरचटलेलं जास्त, म्हणून तो दिवा काढून तिथे दोन हात मारले आणि ओल्या रंगावरच बोल्ट आवळला. साहेबांना गाडी नवी दिसावी म्हणून दिलेला रंगच करंटच्या वाटेत बसला होता.

"म्हंजी माझी चूक न्हाई," वीरेश शांतपणे म्हणाला. "आता पारावर जाऊन हेबी सांगा. काकू, तुमी साक्षीला जावा."

"जाते की," अयोध्याबाई म्हणाल्या. "ऐकाया लोक गोळा करायचं कामबी माझ्याच आवाजाचं हाय."

पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला, बोल्ट पुन्हा आवळला. पिराजींनी ब्रेक दाबला.

"पाखऱ्या लाल. हरण्या लाल. पिवळा बंद." मग थोडं थांबून, "जोडी जमली."

शुक्रवारी नांदेडला अयोध्याबाई सोबत गेल्या. साहेब जीपसमोर उभे राहून म्हणाले, "लेफ्ट." कालच्या गोंधळानं पिराजींचा हात अडला. साहेबांचा लेफ्ट की आपला, या विचारात ते नुसते बसून राहिले. कुंपणापासून अयोध्याबाईंचा आवाज आला, "पाखऱ्या." डावा दिवा लुकलुकू लागला.

साहेबांनी वळून बघितलं. "हे काय?"

"दिव्याचं नाव हाय, साहेब."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "आणि दुसऱ्याचं?"

"हरण्या."

"मग लावा हरण्या," साहेब पिराजींना म्हणाले. नंतर ते मागे गेले, ब्रेकचे दिवे बघितले आणि सही केली.

सोमवारी सकाळी जीप मुलींनी भरली. शिवकन्याचे आजोबा तिला बसवायला स्वतः आले होते. गाडी निघाली. लोह्याच्या रस्त्याला उजवीकडे वळायचं, तशी आतून शिवकन्या ओरडली, "काका, हरण्या." सगळ्या मुली हसल्या, पिराजींनी उजवा इंडिकेटर लावला. रस्ता मोकळा होता, ब्रेक दाबायची काही गरज नव्हती. पिराजींनी तरीही दाबला.

मागे अंगणातून, दोन शेतं ओलांडून, उत्तर आलं, "दोन्ही लाल."