पूल परवडत नाही

आमची वस्ती आणि चकलांब्याचा रस्ता, यांच्या मधून ओढा जातो. पावसाळ्यात पलीकडं जायचं तर पाणी उतरायची वाट बघावी लागायची. पुलाची मागणी जुनीच. शेवटी एका हिवाळ्यात सरकारनं दोन पोरं पाठवली, या वाटेनं किती माणसं नि वाहनं येतात-जातात ते मोजायला.

त्या साली मी बाळंतीण, म्हणून घरी राहिले होते. बाकी वस्ती ऊसतोडीला गेलेली, घरांना कुलपं. पोरं बाभळीखाली बसून कंटाळली. मी पाणी नेऊन दिलं नि म्हणाले, "दादा, समदे तोडीला गेलेत. पाडव्याला माघारी येत्याल, तवा मोजा."

"ताई, आम्हाला याच आठवड्यात मोजायला सांगितलंय," एक जण ओशाळून म्हणाला.

उन्हाळ्यात ग्रामसभेत बांधकाम खात्याच्या साहेबांनी उत्तर सांगितलं. वर्दळीच्या मानानं खर्च जास्त, पूल परवडत नाही. सासरे उभे राहिले. "आमी गावात न्हवतो, म्हंजी आमी न्हाईच का?"

नियम सगळ्यांना सारखाच, साहेब म्हणाले.

त्याच पावसाळ्यात कपाशी खुरपताना सासूबाईंना साप चावला. ओढा दुथडी भरलेला. मालकांनी नि दिरांनी त्यांना बाजेवर घालून काठावर आणलं. पलीकडं जीप उभी होती, ड्रायव्हर हातानंच नका येऊ म्हणत होता. सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर. "लेकराला पाजलं का?" त्यांनी विचारलं. मग जीभ जड झाली. पाणी उतरलं तेव्हा घाई करायचं काही कारण उरलं नव्हतं.

दिवाळीआधी साहेब पुन्हा आले. ओसरीवर चहा घेताना म्हणाले, "आता प्रस्तावाला वजन येईल. पुलानं जीव वाचणं हिशेबात फायदा म्हणून धरता येतं."

सासरे म्हणाले, "ती जित्ती व्हती तवा तिचं वजन कावून न्हवतं, साहेब?"

साहेब कप खाली ठेवून निघाले.

पूल झाला. चांगला झाला, खोटं कशाला बोलू. पोरी सायकलीवर शाळेला जातात, दुधाची गाडी दारापर्यंत येते. लोक म्हणायचे, म्हातारीच्या पुण्याईनं झाला. एकदा भावकीच्या लग्नात मी बोलून गेले, पुण्याई कसली, बाई मेली तेव्हा सरकारचा हिशेब जुळला. तेव्हापासून बायका माझ्यासमोर पुलाचा विषय काढत नाहीत.