पिंडर म्हणजे कोंडवाडेवाला

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या कोंडवाड्यावर कामाला होते. बाजारात, कुणाच्या पिकात शिरलेली मोकाट जनावरं धरून आणायची आणि मालकाने दंड भरला की सोडायची. त्याच पगारावर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. गावात मात्र त्यांना नावाने क्वचितच कुणी बोलावलं. "ए कोंडवाडेवाल्या!" अशी हाक, आणि मागोमाग एखादी शिवी.

आई गेल्यावर त्यांना मी अमेरिकेत, कॅरीला माझ्या घरी आणलं. सहा महिने तरी राहावेत एवढीच इच्छा होती. पण थोड्याच दिवसांत "माझं तिकीट अलीकडचं कर" सुरू झालं. "हितं रस्त्यावर माणूस दिसत न्हाई. बोलू कुणाशी?" शेवटी शनिवारी तिकीट बदलायचं ठरलं.

त्या दिवशी किराणा घेऊन परतलो, तर गॅरेजमध्ये एक तांबूस कुत्रा बांधलेला. पुढ्यात पातेलंभर पाणी, खाली अण्णांचा पंचा.

"अण्णा, हे काय?"

"मोकाट फिरत हुता. मालक आला की सोडू."

"अहो, शेजारच्या आजोबांचा आहे तो! लोक पोलीस बोलावतील!"

"बोलावू दे. पाणी पाजलंय, मारलं न्हाई."

तेवढ्यात ते आजोबाच काठी टेकत आले. मी घाईघाईने माफी मागितली आणि अण्णांचं जुनं काम सांगितलं. ऐकता ऐकता ते हसायला लागले.

"माझं आडनाव पिंडर. अर्थ माहीत आहे?"

मला नव्हता. मग त्यांनीच सांगितला. जुन्या इंग्लंडात गावोगावी कोंडवाडे असत, आणि मोकाट गुरं धरून तिथे कोंडणारा तो पिंडर. त्यांच्या कुणा पूर्वजाचं ते काम. गुरं गेली, काम गेलं, आडनाव तेवढं टिकलं. "या गावात हे आडनाव माझं एकट्याचंच," ते म्हणाले, "आणि खराखुरा पिंडर मी आज पहिल्यांदा बघतोय." त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला.

मी मराठीत सांगितलं.

"म्हंजे ह्यांचा पणजा कोंडवाडेवाला?"

"त्याच्याही कितीतरी मागचा."

"आन् ह्यांनी नाव बदललं न्हाई? इचार की."

मी विचारलं. आजोबांना प्रश्नच कळेना. "बदलायचं कशाला? दारावर पितळी अक्षरांत लावलंय मी."

अण्णांनी वाकून दोरी सोडली. कुत्र्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ही तर आपली भावकीच निघाली. सांग त्यांना, दंड माफ!"

निघताना आजोबांनी अण्णांना सकाळी कुत्रा फिरवायला सोबत बोलावलं. भाषेचं कसं जमेल, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

जन्मभर शिवीसारखा ऐकलेला शब्द एका परक्या माणसाने दारावर मिरवला, याचे उपकार मी कसे फेडणार? संध्याकाळी लॅपटॉप उघडून मी विचारलं, "अण्णा, तिकीट कधीचं करू?"

ते दारात खाली बसून बूट पुसत होते.

"ऱ्हाऊ दे सध्या. सकाळी लवकर उठायचंय मला."