पोटाचा राखणदार आणि आमच्या वहिनी

फोन आला तेव्हा मी सावेडीतल्या माझ्या औषधाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पथ्यावर व्याख्यान झोडत होतो. जामखेडहून दादा बोलत होता. "तुजी वहिनी गेली रं... रक्ताची उलटी झाली. नगरला आणायलाबी उसंत न्हाई दिली." महिना झाला त्याला.

नव्वदच्या सुमारास मी बत्तीस वर्षांचा, बायको असलेला, फार्मसीच्या परीक्षेत बायोकेमिस्ट्रीत दोनदा आपटलेला विद्यार्थी होतो. पास झाल्याशिवाय नोंदणी नाही, नोंदणीशिवाय दुकान नाही. 'दाह' या धड्यापाशी माझी गाडी हटकून रुतायची. तेव्हा सातवी शिकलेल्या वहिनी ज्वारी निवडता निवडता माझी उजळणी घ्यायच्या. "सांगा भावजी, पायात काटा रुतला. फुडं?" मी घडाघडा म्हणायचो... पेशीच्या पडद्यातून ॲराकिडोनिक आम्ल सुटतं, त्यापासून प्रोस्टाग्लँडिन होतं, मग सूज येते, ठणकतं. दुखण्याची गोळी ते तयारच होऊ देत नाही.

"मंग ते वंगाळच म्हना की!"

"तसं नाही. पोटाच्या अस्तराची राखणही तेच करतं."

"आन् गोळी त्या राखणदारालाबी हाकलती व्हय?"

पेपरात नेमकं तेच विचारलं होतं. मी पास झालो, आणि पेढे वाटताना हुशारी माझीच होती.

पुढं वहिनींचे गुडघे धरले. दर खेपेला मी दुखण्याच्या मूठभर गोळ्या द्यायचो, दिराची माया म्हणून. गेल्या दिवाळीत त्या दुकानात आल्या. "भावजी, पोटात लई जळतंय. त्या राखणदाराचं काय म्हनला हुता तुमी?" दुकान भरलेलं. मी हसून म्हणालो, "बघा, आमच्या वहिनी अर्ध्या डॉक्टर झाल्या!" सगळे हसले. वहिनीही हसल्या, पदर सावरला, आणि मी दिलेल्या त्याच गोळ्या घेऊन गेल्या.

दहाव्याला दादानं विचारलं, "कशानं झालं असंल रं?" मी म्हणालो, "अल्सर असतो एकेकाला." परीक्षेत याला निम्मे गुण मिळाले असते.

परवा दादा दुकानात आला. खिशातून वहिनींचा बटवा काढला. आत सुपारी, दोन लवंगा आणि अर्धी राहिलेली गोळ्यांची पट्टी. "माजंबी गुडगं धरल्यात. तिच्या हायेत तवर ह्याच घिऊ का?"

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. दिवाळीतलं हसणंसुद्धा...  दादानं पट्टी तेवढी काउंटरवर ठेवली, बटव्याची नाडी ओढली आणि एसटीला निघून गेला.