आठवाला, सोळावाला आणि माझा ब्लाउज

"मॅडम, तुमचा सोळावाला हरला," कर्णिक काका फोनवर म्हणाले. आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

"कशात हरला?"

"दोन्हीत. माझ्या विमानातही आणि सईच्या कामातही."

विमानात हरणं मला मान्य होतं. सईच्या कामात हरणं शक्यच नव्हतं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि वर्तकनगरची रिक्षा पकडली.

माझं ठाण्यात कॉम्प्युटर असेंबल करून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक आपलं काम सांगतं, मी त्याला साजेसे पार्ट निवडते, जोडते, तपासते आणि देते. मशीन ट्रायलसाठी घरी नेऊ देत नाही. पण कर्णिक काकू माझे ब्लाउज शिवतात. चांगला ब्लाउज शिवणाऱ्या बाईला नाही म्हणायची हिंमत माझ्यात नाही. त्यामुळे एक नाही, दोन मशीन त्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसली होती.

घरात मशीन एकच घ्यायचं होतं आणि वापरणारे दोघं होते. काका सरकारी ऑफिसातून रिटायर झालेत आणि आता विमान चालवतात. म्हणजे सिम्युलेटर. टेबलाला जॉयस्टिक लावून रोज सकाळी आंघोळ करून उड्डाण. त्यांची तक्रार एकच, लँडिंगच्या वेळी जुना कॉम्प्युटर अडखळतो आणि विमान पडतं.

सई त्यांची मुलगी. ती बिल्डर लोकांसाठी वॉकथ्रू बनवते, म्हणजे न बांधलेल्या इमारतीतून आपण फिरतोय असं दाखवणारी फिल्म. नोकरी सोडून तिने नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेलं. कल्याणच्या एका बिल्डरने ठाण्याजवळच्या दिव्यातल्या इमारतीची फिल्म तिला ट्रायल म्हणून दिली होती. सोमवारी सकाळी दाखवायची, आवडली तर त्याच्या पुढच्या सगळ्या इमारती तिच्या. दिव्यात नळाला पाणी येतं की नाही हे आधी बघावं लागतं, पण फिल्ममध्ये गच्चीवर कारंजं होतं. असो. ते माझं खातं नाही.

प्रोसेसर दोन होते. कंपन्यांची नावं सांगत नाही, घरात त्यांना आठवाला आणि सोळावाला हीच नावं पडली होती. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं स्वयंपाकघर आणि कोअर म्हणजे त्यातले आचारी, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. आठवाल्यात आठ आचारी, पण शेगडीशेजारी भलामोठा ओटा. सामान हाताशी असल्याने कोणी फडताळाकडे धावत नाही. या ओट्याला आम्ही कॅश मेमरी म्हणतो. सोळावाल्यात आचारी सोळा, ओटा मात्र बेताचा.

गेम म्हणजे डोसे घालणं. पानातला संपायच्या आत पुढचा गरम आला पाहिजे. तिथे सोळा माणसं उभी करून उपयोग नाही, तव्याजवळ दोन-चारच मावतात. तिथे मोठा ओटा जिंकतो. सईचं काम म्हणजे रेंडर, फिल्मचं प्रत्येक चित्र उजेड-सावलीसकट रंगवून काढणं. ही लग्नाची पंगत. जितके आचारी जास्त, तितकं जेवण लवकर.

"म्हणजे माणसं सोळा आणि बसायला जागा नाही," काका म्हणाले होते. "आमच्या ऑफिसात हेच होतं. काम शून्य."

"बाबा, तुमचं ऑफिस आणि माझा प्रोसेसर यात फरक आहे," सई म्हणाली होती.

मी सईला शब्द दिला होता की सोळावाला तिचं काम जवळपास निम्म्या वेळात करील. त्याच भरवशावर तिने सोमवारची वेळ कबूल केली होती. काकांनी मात्र सामना लावला. दोन्ही मशीनवर तीच फिल्म, तेच विमान. हरेल तो परत. पंखासुद्धा लावून बघितल्याशिवाय घेत नाही, म्हणाले.

आणि आता शनिवार दुपारी सोळावाला हरला होता.

मी पोचले तेव्हा दार काकूंनी उघडलं. "अगं सुनीता, ये ये. तुझा ब्लाउज तयार आहे हं."

"काकू, आधी हरलेला दाखवा."

हॉलमध्ये सोळावाला टीव्हीशेजारी स्टूलवर होता, चकचकीत पुसलेला. आठवाला आतल्या खोलीत काकांच्या टेबलावर होता. त्याच्या आजूबाजूला नकाशे, चष्म्याची घरं, शेंगदाण्याचा डबा आणि वर एक मोजा. काकूंना त्या टेबलाला हात लावायची बंदी आहे.

सई काळजीने पांढरी पडली होती. "ताई, हा असाच चालला तर पूर्ण फिल्म सोमवारपर्यंत होत नाही. मी त्यांना काय सांगू, कारंजं अजून सुरू झालं नाही?"

मी मशीन उघडलं. पंखे फिरत होते. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर घट्ट बसलेला. सेटिंग बरोबर. मग फिल्मचा छोटा तुकडा दोन्हीकडे एकदम रेंडरला लावला. काकू चहा आणि बटाटेवडे घेऊन आल्या. माझा दुसरा वडा संपायच्या आत सोळावाला मोकळा झाला. आठवाला अजून अर्ध्यात होता.

"हे बघा," मी म्हटलं.

काकांनी सोळावाल्याकडे संशयाने पाहिलं. "तुम्ही काहीतरी केलंत."

"काही केलं नाही."

"मग सकाळी कसा हरला?"

"ते मला कळलं नाही," मी खरं सांगितलं.

"मॅडमसमोर काम करतो, मॅडम गेल्या की बसतो," काका म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? ऑफिस!"

पुन्हा एकदा लावून बघा, म्हणून सांगून मी निघाले. खाली कोपऱ्यावर मेथी निवडून घेत होते, तोच सईचा फोन. "ताई, परत रेंगाळला! बाबा आतून सांगतायत की आठवाला पुढे आहे. ते हसतायत हो."

याच वेळी माझ्या लक्षात आलं की मी ब्लाउज वरच विसरले. मेथी पिशवीत कोंबली आणि जिना चढले. दार उघडंच होतं. मी बेल न वाजवता आत गेले.

सोळावाल्याने खण नेसला होता.

जांभळा खण, सोनेरी काठ. चारही बाजूंनी बंद, खालपर्यंत. वायरीसाठी मागे पायपिंग केलेली चीर. पॉवर बटणाच्या जागी काज. कोपऱ्यांना चुण्यासुद्धा नाहीत, असं फिटिंग. आणि आतून पंखे जिवाच्या आकांताने घोंगावत होते.

"काकू, हे काय आहे?"

"कव्हर. छान झालंय ना? तुझ्याच ब्लाउजच्या खणातून उरलेलं कापड आहे. आतून अस्तर लावलंय हो, नाहीतर खण टोचतो."

"कोणाला टोचतो?"

काकूंनी सोनेरी काठ सरळ केला.

"आणि हे घातलं कधी?"

"तू गेलीस की लगेच. पाहुणे आले की काढायचं, गेले की घालायचं. सोफ्याचंही तसंच करते मी. नवी वस्तू आहे, धूळ बसते."

"अगं आई!" सई किंचाळली. ती मशीनसमोरच बसली होती, पण तिचं लक्ष स्क्रीनवर. शिवाय त्या घरात मिक्सर, गिझर आणि रिमोट सगळ्यांनाच कपडे आहेत. एक जास्त, हे कोणाच्या डोळ्यात भरणार?

मी कव्हर वर उचललं. आतून अशी वाफ आली की इडल्या झाल्या असत्या. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणहून काम मंद करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. सोळा आचाऱ्यांना खिडक्या बंद करून अस्तर लावलेल्या खोलीत कोंडलं होतं. ते जिवंत होते हेच खूप.

"जरा सैल तरी शिवायचं, काकू."

"सैल?" काकूंना ते लागलं. "सैल शिवायला मी काय काल शिकले?"

"मग आठवाल्याला का नाही शिवलं?"

"ह्यांच्या विमानाला? खण?" काकूंनी एवढंच विचारलं आणि आत गेल्या. म्हणजे आठवाला जिंकला तो नुसत्या पसाऱ्यामुळे. ज्या मशीनवर काकूंची माया नव्हती, तेवढंच मोकळेपणी श्वास घेत होतं.

खण काढून पुन्हा रेंडर लावलं. सोळावाला आरामात जिंकला. पण काका सहजी ऐकणारे नव्हते. "माझं विमान राहिलं. ते आठवाल्यावरच नीट उतरतं."

त्यांचं बरोबर होतं, निदान आकड्यांत. गेममध्ये सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात ते मोजता येतं, आणि आठवाला तिथे बराच पुढे होता. पण काकांचा मॉनिटर जुना. तो ठराविक चित्रांपलीकडे दाखवतच नाही. वरचे डोसे वाया. म्हणून मी त्यांना सांगितलं, वायरी बदलेपर्यंत डोळे मिटा. सईने आणि मी वायरी दोनदा बदलल्या, आणि कोणत्या मशीनवर आहात ते न सांगता त्यांना दोन वेळा विमान उतरवायला लावलं.

पहिल्यांदा विमान धावपट्टी सोडून शेजारच्या शेतात गेलं.

"हा सोळावाला," काका ठामपणे म्हणाले. "अडखळला बघा."

दुसऱ्यांदा ते त्याच शेतात गेलं.

"आणि हा?" सईने विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "हाही सोळावाला असावा."

"बाबा, पहिला आठवाला होता."

"शेतकऱ्याचं किती नुकसान होत असेल," काकू आतून म्हणाल्या.

आठवाला मी त्याच संध्याकाळी उचलला. काका खाली रिक्षापर्यंत त्याला पोचवायला आले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "सावकाश घ्या, चांगला प्रोसेसर आहे." तो चांगलाच होता. आठवड्याभरात एका गेम खेळणाऱ्या मुलीने तो नेला. तिचा मॉनिटर नवा होता, ती खूश आहे.

सोळावाल्याने रविवारी दिवसभर काम केलं, उघड्या अंगाने. संध्याकाळी पूर्ण फिल्म तयार होती. सोमवारी बिल्डरने ती दोनदा पाहिली, कारंजं थोडं मोठं करायला सांगितलं आणि पुढच्या इमारतीचे नकाशे सईच्या हातात दिले. काका आता सकाळी सोळावाल्यावर उडतात. शेत तेच आहे.

पुढच्या महिन्यात मी मशीन साफ करायला गेले तर त्याच्या अंगावर पुन्हा खण. मी बोलायच्या आत काकूंनी त्याला माझ्यासमोर फिरवलं. पुढे मच्छरदाणीची जाळी, बाजूंना बाह्या नाहीत, आणि मागे गरम हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यासाठी नाडी लावलेला खोल गळा. मी तापमान तपासलं. काही दोष काढता आला नाही.

माझा ब्लाउज मात्र घट्ट झाला होता. मी श्वास रोखून सांगितलं, छान बसलाय.

वर्कस्टेशन हवं की गेमिंग, बजेट किती, हे प्रश्न सगळेच दुकानदार विचारतात. मी आता त्याआधी एक विचारते. घरात शिलाई मशीन आहे का?